एकट्यानं लांबचा विमानप्रवास: जादा पैसे कुठे मोजायचे आणि कुठे नाही

मुलानं किंवा मुलीनं परदेशाचं तिकीट काढून पाठवलं की आपल्या खान्देशात सगळे एकच विचारतात: कितीला पडलं? सीट मधली आहे की कडेची (म्हणजे चालायच्या वाटेलगतची), वाटेत थांबा कुठे आणि किती तासांचा, हे कुणी विचारत नाही. बसायचं मात्र त्या सीटवरच असतं, तेही पंधरा-पंधरा तास.

मी अमळनेरची, निवृत्त शिक्षिका. मुलगी अमेरिकेत, म्हणून हा प्रवास एकटीनं करते. पहिल्यांदा एकट्यानं निघालेल्या पन्नाशी-साठीच्या लोकांसाठी हे लिहिते आहे, आणि इथून नाहीतर तिथून त्यांचं तिकीट काढणाऱ्या मुलांसाठीही. माझा हिशेब साधा आहे. जादा पैसे दोनच गोष्टींसाठी मोजायचे: झोप लागावी म्हणून, आणि मनात येईल तेव्हा जागेवरून उठता यावं म्हणून. बाकीच्या बऱ्याचशा सोयी फुकट असतात. त्या मागायच्या असतात, एवढंच कुणी सांगत नाही.

१. आधी मार्ग ठरवा, वर्ग नंतर

साधी इकॉनॉमी की थोडी ऐसपैस प्रीमियम इकॉनॉमी, हा वाद घालण्याआधी प्रवासाचे तुकडे कसे पडतात ते पाहा. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान असेल तर सलग पंधरा-सोळा तास. दुबई किंवा दोहावरून गेलात तर पहिला टप्पा जेमतेम तीन तासांचा आणि दुसरा तेरा ते सोळा तासांचा, म्हणजे कंबरेला विश्रांती अशी मिळतच नाही. फ्रँकफर्टसारख्या युरोपातल्या ठिकाणावरून गेलात तर दोन्ही टप्पे साधारण आठ-नऊ तासांचे. ज्यांचे गुडघे किंवा पाठ कुरकुरते, त्यांनी हा मार्ग जरूर पाहावा. इकॉनॉमीतच राहून त्रास निम्मा होतो. मात्र युरोपातून जाताना ट्रान्झिट व्हिसा (नुसतं विमान बदलण्यासाठीचा) लागतो का, हे आपल्या पासपोर्टवर असलेल्या व्हिसानुसार ठरतं आणि नियम बदलत राहतात. तिकिटाआधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

अबुधाबीचा एक फायदा फार जणांना माहीत नसतो. अमेरिकेला जाणाऱ्यांचं अमेरिकी इमिग्रेशन, म्हणजे पासपोर्ट-व्हिसाची तपासणी, तिथेच होतं. पुढे अमेरिकेत उतरलात की देशांतर्गत प्रवाशासारखे सरळ बाहेर. लांबचा प्रवास संपवून थकलेल्या डोक्यानं रांगेत उभं राहायचं वाचतं. तपासणीला वेळ लागतो, तेव्हा तिथला थांबा मोठा घ्या.

थांब्याबद्दल माझं मत: तीन ते चार तास उत्तम. दोन तासांच्या आत एकट्या, नवख्या माणसानं जाऊ नये, आणि सहा-सात तासांच्या वर गेलं की वाचलेले पैसे तिथेच खर्च होतात. मोठा थांबा टळतच नसेल तर दुबई आणि दोहाच्या विमानतळाच्या आतच हॉटेल आहे, तासांवर खोली मिळते. आडवं पडायला मिळण्यासाठी मोजलेला पैसा मी वाया गेला असं मानत नाही.

आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. दोन वेगळी तिकिटं जोडली की सामान वाटेत काढून पुन्हा द्यावं लागू शकतं, आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी हात वर करते.

२. तासाचा दर काढा

'प्रीमियम घेऊ का?' या प्रश्नाचं उत्तर पाटी-पेन्सिलीवर मिळतं. जादा रक्कम भागिले लांबच्या टप्प्याचे तास. समजा कडेच्या सीटला ४,००० रुपये जादा आणि टप्पा १५ तासांचा. तासाला २७० रुपयांच्या आत. समजा प्रीमियम इकॉनॉमीला एका बाजूचे ४५,००० जादा, तासाला ३,०००. बिझनेसला १,८०,००० जादा असतील तर तासाला १२,०००. हे आकडे उदाहरणाचे, तुमच्या तारखांचे तुम्ही घाला. मग परवडतं की नाही हे दुसऱ्या कुणाला विचारायची गरज उरत नाही.

माझे मोठे भाऊ अजूनही म्हणतात, "इतला पैसा कसाले घालस, बैन?" त्यांना मी हाच भागाकार करून दाखवते. पटत नाही, तो भाग वेगळा.

या हिशेबात तीन फसगती होतात.

पहिली कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आणि त्यावरच्या सगळ्या वर्गांवर १८ टक्के आहे. म्हणून मूळ भाड्यांची तुलना करू नका, करासह शेवटची रक्कम पाहा.

दुसरी वर्गाच्या नावाची. 'प्रीमियम इकॉनॉमी' म्हणून तिकीट विकलं जातं, पण एखाद्या टप्प्यावरच्या विमानात तो वर्गच नसतो आणि तिथे साधी इकॉनॉमी मिळते. लहान टप्प्यावर असं झालं तर बिघडत नाही. लांबच्या टप्प्यावर झालं तर पैसे पाण्यात. प्रत्येक टप्प्यासमोर कोणता वर्ग लिहिलाय ते वाचा. उलट काही कंपन्या फक्त लांबच्या टप्प्यापुरता वरचा वर्ग देतात. मिळालं तर तेच घ्या. मुंबई-दुबईच्या तीन तासांसाठी रुंद खुर्ची कशाला?

तिसरी चलनाची. मुलानं अमेरिकेतून डॉलरमध्ये भरले तर ठीक, पण तुम्ही भारतीय कार्डावरून परकीय चलनात भरलेत तर बँक वर मार्कअप, म्हणजे जादा शुल्क, लावते. कंपनीच्या संकेतस्थळावर देश 'भारत' निवडून रुपयांत भरा.

३. सीट: इथेच सगळा खेळ आहे

इकॉनॉमीत एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर साधारण ३१-३२ इंच असतं, प्रीमियम इकॉनॉमीत ३८ च्या आसपास. रुंदीचा फरक इंच-दीड इंचाचा. ऐकायला किरकोळ वाटतो; पुढच्या माणसानं पाठ मागे टाकली की तो कळतो.

इकॉनॉमीतच जायचं ठरलं तर खिडकीचा मोह सोडा. बाहेर बारा तास अंधार नाहीतर ढग असतात आणि स्वच्छतागृहाला जायला दोन झोपलेली माणसं उठवावी लागतात. आपल्या बायका संकोचानं उठतच नाहीत, पाणीही पीत नाहीत, आणि मग उतरताना पाय सुजलेले.

कडेची सीट घ्यायची, पण कोणती कडेची? ही खुबी समजून घ्या. बोइंग ७७७ मध्ये बहुतेक ठिकाणी रचना ३-४-३ असते. खिडकीकडच्या तिनांतली कडेची सीट घेतलीत तर आतले दोघं तुम्हाला उठवणार. मधल्या चारांतली कडेची घेतलीत तर फक्त एकजण, कारण पलीकडचे दोघं त्यांच्या बाजूनं बाहेर पडतात. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये रचना बहुधा ३-३-३. तिथेही मधल्या तिनांतली कडेची बरी, कारण मधल्या माणसाला दोन्ही बाजू मोकळ्या असतात. एअरबस ए३३० मध्ये २-४-२ असते. विमान कोणतं ते तिकिटावर लिहिलेलं असतं आणि सीटचा नकाशा कंपनीच्या अॅपमध्ये दिसतो.

आता जादा पैसे मागणाऱ्या सीटांबद्दल.

संकटकाळी बाहेर पडायच्या दारापाशी पाय लांबवायला भरपूर जागा असते. पण ती सीट धडधाकट, सूचना समजणाऱ्या आणि वेळ आली तर दार उघडायला मदत करू शकणाऱ्या माणसालाच देतात. व्हीलचेअर मागितली असेल तर ती मिळणार नाही, उगाच पैसे भरू नका. शिवाय उड्डाणाच्या वेळी पायाशी पिशवी ठेवता येत नाही, आणि ताट ठेवायची फळी हाताच्या दांडीत असल्यामुळे ती दांडी वर होत नाही.

भिंतीसमोरची पहिली रांग दिसायला ऐसपैस. पण तान्ह्या बाळांचे पाळणे त्याच भिंतीला लावतात. बाळ गोडच असतं, रात्रभर नाही.

स्वच्छतागृहालगतच्या सीटा टाळा: दिवा, दाराचा आवाज आणि डोक्याशी उभी रांग. अगदी शेवटच्या रांगेत पाठ मागे जाईलच असं नसतं.

शेजारची सीट रिकामी मिळवण्यासाठी पैसे घेणाऱ्याही कंपन्या आहेत. एतिहाद शेजारची सीट मोकळी ठेवण्यासाठी बोली घेते, लुफ्तान्सा लांबच्या काही विमानांत अख्खी रांग आडवं पडायला विकते. विमान भरलेलं नसेल तरच हे जमतं. मला विचाराल तर प्रीमियम इकॉनॉमीच्या खुर्चीपेक्षा इकॉनॉमीतली मोकळी रांग झोपेला सरस. शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्या आणि नाताळ वगळून निघालात तर कधीकधी ती पैसे न देताही मिळते.

पैसे भरण्याआधी एवढं करा:

- तिकीट एका कंपनीनं विकलं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं, असं असेल तर सीट विमान उडवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर निवडायची. तिथला पीएनआर (आरक्षण क्रमांक) वेगळा असू शकतो, तो मागून घ्या.
- एजंटकडून किंवा पोर्टलवरून सीटचे पैसे भरले असतील तर कंपनीच्या अॅपवर ती सीट तुमच्या नावावर दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर ती तुमची नाही.
- विमान बदललं तर निवडलेली सीट जाते. निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा तपासा. सीटची वेगळी पावती जपून ठेवा, परतावा त्यावरच मिळतो.
- वेब चेक-इन कंपनीनुसार २४ किंवा ४८ तास आधी उघडतं. अनेकदा उरलेल्या सीटा तेव्हा फुकट निवडता येतात. गर्दीचे दिवस नसतील तर तोवर थांबायला हरकत नाही.

४. वरच्या वर्गासाठी बोली

तिकीट काढल्यावर 'अपग्रेडसाठी बोली लावा' असा ईमेल येतो. बोली प्रत्येक टप्प्याची वेगळी असते. घाईत तीन तासांच्या टप्प्यावर बोली लावून लोक खूश होतात आणि लांबचा टप्पा तसाच राहतो. बोली मान्य झाली की पैसे कापले जातात आणि सहसा परत मिळत नाहीत. सामानाची मर्यादा मूळ तिकिटाचीच राहते का, तेही अटींत वाचा. चेक-इन काउंटरवरही नम्रपणे विचारून पाहा; जागा उरली असेल तर भाव सांगतात. नाही म्हणाले तर आपलं काय गेलं?

लाउंजवर, म्हणजे विमानतळावरच्या आरामखोलीवर, मी पैसे घालत नाही. कार्डावर फुकट असेल तर जा.

५. फुकटच्या सोयी, मागून घ्यायच्या

व्हीलचेअर. चालता येतं मग कशाला, असं वाटतं. पण मोठ्या विमानतळावर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत किलोमीटरभर चालणं सहज होतं, आणि भाषा-पाट्यांचा गोंधळ वेगळा. तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी नोंदवा. पैसे लागत नाहीत. अमेरिकेत मात्र ढकलणाऱ्याला काही डॉलर बक्षीस द्यायचा रिवाज आहे, सुट्या नोटा ठेवा. एक लक्षात असू द्या: व्हीलचेअरवाले विमानातून सगळ्यात शेवटी उतरतात. थांबा छोटा असेल तर हेच अंगाशी येतं.

बसायचं नसेल आणि सोबत मात्र हवी असेल तर पैसे देऊन सोबत करणाऱ्या सेवा आहेत: मुंबईत 'प्रणाम', दुबईत 'मरहबा', दोहात 'अल महा'. इंग्रजी बोलायला कचरणाऱ्या माणसासाठी हा खर्च मी लाउंजच्या कितीतरी आधी करीन.

जेवण. 'एशियन व्हेजिटेरियन' किंवा जैन जेवण निदान २४ तास आधी, शक्यतो तिकिटाबरोबरच नोंदवा. हे ताट सगळ्यांच्या आधी येतं, म्हणजे झोपायलाही आधी मिळतं.

इमिग्रेशनचं जलद दार. केंद्र सरकारची फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजना मुंबईत जानेवारी २०२५ पासून आहे. भारतीय नागरिकांना फी नाही. ऑनलाइन अर्ज करायचा, एकदा बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो द्यायचा, मग रांगेऐवजी स्वयंचलित दारातून बाहेर. अर्ज बराच आधी करा.

६. घरापासून मुंबईपर्यंत

आपला प्रवास मुंबईत सहारच्या विमानतळावर सुरू होत नाही, भुसावळला, धुळ्याला नाहीतर नंदुरबारला सुरू होतो. विमानात चढण्याआधीच सात-आठ तासांचा थकवा अंगावर असतो, म्हणून पहिला जादा खर्च इथे करा: मुंबईत अर्धा दिवस आडवं पडायची सोय. नातेवाइकाचं घर असो की विमानतळाजवळची खोली.

आधी तारीख नीट वाचा. परदेशी विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारखेचे पहाटेचे अडीच असतील, तर तुम्ही १४ तारखेच्या रात्री साडेदहा-अकराला विमानतळावर असायला हवं. १५ च्या रात्री बॅगा घेऊन पोचलेली माणसं असतात.

जळगाव-भुसावळकडून येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच्या गाडीनं निघावं. सामान घेऊन मुंबईच्या टोकापर्यंत जाऊ नका. ठाणे किंवा दादरला उतरून टॅक्सी करा. संध्याकाळी पोचणाऱ्या गाडीवर पहाटेचं विमान ठेवू नका, पावसाळ्यात तर नाहीच. कसाऱ्याच्या घाटात एक दरड आली की सगळं ठप्प. नंदुरबार-दोंडाईच्याकडून सुरतमार्गे येणाऱ्यांना बोरिवली सोयीचं. धुळ्याहून गाडीनं येणाऱ्यांना ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो.

जळगावहून मुंबईला विमानानं जायचा विचार असेल तर सामानाचा विचार आधी करा. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. वेगळ्या काढलेल्या देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो. वरच्या प्रत्येक किलोला पैसे. आणि नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, तेव्हा तिकिटावर कोणता विमानतळ लिहिलाय ते टॅक्सीवाल्याला सांगण्याआधी वाचा.

७. कागद आणि हातातली पिशवी

मोबाइलवर सगळं असलं तरी कागदावरही घ्या:

- पासपोर्ट, व्हिसा, येण्याजाण्याचं तिकीट
- मुलाचा किंवा मुलीचा तिथला पूर्ण पत्ता आणि फोन, मोठ्या अक्षरांत
- प्रवास विम्याची पॉलिसी
- डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांच्या मूळ नावांसह. औषधं पूर्ण मुदतीची नाही तरी निदान आठवड्याची हातातल्या पिशवीत
- सीटची आणि जादा सामानाची पावती

हातातल्या सामानाची मर्यादा बऱ्याच कंपन्यांत ७ किलो. १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतलं काही चालत नाही, त्यात तूपही आलं. लोणचं आणि ठेचा हातात नेऊ नका. दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी खुशाल न्या, पण उतरण्याआधी संपवा नाहीतर कस्टमला सांगा. सुकं खोबरं कुठल्याच बॅगेत नको. आणि काळा मसाला भरणाऱ्यांनी एक तपासा: त्यात खसखस असेल तर आखाती मार्गानं तो नेऊ नका, अमिरातीत खसखशीला बंदी आहे.

पॉवर बँक हातातल्या पिशवीतच, १०० वॉट-अवरच्या आतली. एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासून ती विमानात वापरायलाही मनाई केली आहे, तेव्हा सीटजवळच्या सॉकेटसाठी केबल ठेवा.

अंगावर दागिने कमीत कमी. जळगावचं सोनं लग्नात मिरवावं. सुरक्षा तपासणीच्या दारात पाटल्या वाजल्या की बाजूला उभं राहावं लागतं.

८. विमानात बसल्यावर

विमानातल्या हवेचा दाब समुद्रसपाटीपासून ६,००० ते ८,००० फुटांवर असतो तसा ठेवतात, म्हणजे आपल्या तोरणमाळच्या दीडपट ते दुप्पट उंचीचा. हवा अतिशय कोरडी असते. म्हणून तहान नसतानाही पाणी प्या. रिकामी बाटली तपासणीनंतर भरून घ्या. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये सांगितलं होतं. दर दोन तासांनी उठून मागच्या मोकळ्या जागेपर्यंत फेरी मारा. घट्ट मोजे डॉक्टरांना विचारून घ्या. मेडिकलमध्ये मिळतात, मापाचे असावेत. कडेच्या सीटचे पैसे इथे वसूल होतात.

मे महिन्यात जळगावातून निघताना शाल घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही. घ्या. विमानात कुडकुडायला होतं.

९. उतरताना आणि परतीला

अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतराल तिथे सामान पट्ट्यावरून स्वतः उचलून कस्टममधून न्यायचं असतं, पुढचं विमान असलं तरीही. पुढे ते पुन्हा जमा करतात. अबुधाबीमार्गे आलेल्यांना हे करावं लागत नाही.

परतीचा प्रवास सहसा तासभर तरी कमी असतो, वारा पाठीशी असतो म्हणून. तासाचा दर पुन्हा काढा. मी जाताना जादा मोजते, येताना बहुधा फक्त कडेची सीट घेते, कारण घरी आल्यावर आठ दिवस झोपायला कुणी अडवत नाही. मुंबईत उतराल ते बहुधा अपरात्री. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे पाच-सहा महिन्यांसाठी गेलात तर परतीची गाडी तिथूनच काढावी लागते. इथल्या भाच्याला किंवा पुतण्याला तारीख आधीच सांगून ठेवा, आणि विमान उतरण्याच्या वेळेत आणि गाडीच्या वेळेत निदान सहा तासांचं अंतर ठेवा, ठाण्याहून चढायचं असलं तरी.